म्हणे, बॅटरीवाल्या फोर्कलिफ्टला मेंटेनन्सच नाही!

गोडाऊनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘डिझेलचा फोर्कलिफ्ट काढा, बॅटरीवाला घ्या. इंजिन नाही, ऑइल नाही, मेंटेनन्स नाही. रात्री चार्जिंगला लावा, सकाळी चालवा. लिथियम असेल तर बघायलाच नको.’ पहिलं वाक्य मलाही पटतं. बंद गोडाऊनात धूर कशाला? पुढच्याबद्दल मात्र बोलायला हवं.

‘ऑइल नाही.’ मग माल उचलतो कोण? मास्ट (पुढचा उभा सांगाडा) हायड्रॉलिकवरच, म्हणजे तेलाच्या दाबावरच, वर जातो. पंप, सिलिंडर, होज सगळं आहे तिथेच आहे. वाचलं ते इंजिन ऑइल.

‘रात्री चार्जिंगला लावा.’ लेड-ॲसिड बॅटरी म्हणजे मोबाइल नव्हे. 48 व्होल्टच्या बॅटरीत 2 व्होल्टचे 24 सेल, आणि प्रत्येकाला डिस्टिल्ड वॉटर लागतं. तेही चार्जिंग झाल्यावर. आधीच काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ॲसिड उतू जातं आणि ट्रे सडतो. (प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर त्या बुडण्यापुरतं आधी घालावं.) पातळी उतरली म्हणून ॲसिड ओतणारे महाभागही असतात. अहो, उडून जातं ते पाणी! शिवाय चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन सुटतो. हवेत तो 4 टक्क्यांवर गेला की ठिणगी पुरते. तिथे बिडी तर नकोच, बॅटरीवर पाना ठेवणंही नको.

‘मेंटेनन्स नाही.’ ही सगळ्यात घातक ओळ. मास्टची चेन वापराने लांबते. ती लांबली की फोर्क (माल उचलणारे दोन काटे) खाली बसतात आणि त्यांची टाच, म्हणजे वळणाचा कोपरा, जमिनीवर घासू लागते. चेन 3 टक्के लांबली, म्हणजे मीटरभराच्या मापात 30 मिलिमीटर, की बदलायची. बरेच जण ॲडजस्टिंग नट आवळून फोर्क वर घेतात आणि विषय मिटवतात. झिजलेली चेन तशीच. टाचेचंही तसंच: जाडी 40 मिलिमीटरची 36 झाली की फोर्क भंगारात. एवढ्याशा झिजेने काय होतंय, असं वाटतं. पण वाकण्याला तोंड देणारी ताकद जाडीच्या वर्गाने घटते, म्हणजे जाडी दहावा हिस्सा गेली तर ताकद जवळपास पाचवा हिस्सा गेली. यात इंजिनाचा संबंध कुठे आला?

‘लिथियम असेल तर बघायलाच नको.’ पाण्याची कटकट सुटते, खरंय. जेवणाच्या सुट्टीत थोडंथोडं चार्ज केलेलंही तिला चालतं; लेड-ॲसिडला ते सोसत नाही. पण जुन्या मशिनात परस्पर लिथियम बसवणाऱ्यांनो, जुनी जड लेड-ॲसिड बॅटरी पुढच्या मालाचा तोल मागून धरत असते. हलकी बॅटरी टाकली आणि वजनाची भरपाई केली नाही, तर माल उचलताना मागची चाकं उचलतील. बॅटरीचं वजन किमान किती हवं, ते मशिनच्या डेटा प्लेटवरच छापलेलं असतं.