7,100 वेळांचा हिशेब

किराणा दुकानदारांना प्लास्टिक कमी करायला सांगणे व्यर्थ आहे, असा एक मजकूर सध्या जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे. त्याची कारणे चार: कापडी पिशवी 7,100 वेळा वापरली तरच ती प्लास्टिकपेक्षा बरी ठरते, प्लास्टिकशिवाय माल टिकत नाही, प्लास्टिकचा पुनर्वापर होतोच, आणि पाकिटे कंपन्या करतात, त्यात दुकानदाराचा काय दोष?

7,100 हा आकडा खोटा नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तो आहे. पण पर्यावरणावरील सगळे परिणाम धरल्यामुळे, त्यातही मुख्यतः ओझोन थराच्या हानीमुळे, तो एवढा फुगला आहे. केवळ हवामानबदलाचा विचार केला, तर त्याच अहवालात त्याच सुती पिशवीपुढे 52 हा आकडा आहे, जो मजकूर पसरवणाऱ्यांनी सोयीस्करपणे गाळला आहे. उघड्यावर पडणाऱ्या कचऱ्याचा परिणाम डेन्मार्कमध्ये नगण्य मानून त्या अभ्यासात धरलेलाच नाही. आपल्या गटारी पाहिलेल्या माणसाला ही सवलत घेता येणार नाही. शिवाय तो हिशेब नव्या कापसाच्या नव्या पिशवीचा आहे. आपल्या घरी पिशवी शिवली जाते ती जुन्या लुगड्याची किंवा विजारीची, म्हणजे तिचा कापूस आधीच पिकून, विणून, वापरून झालेला असतो.

माल टिकण्याचा मुद्दा काही जिनसांपुरता मान्य करावा लागेल. खाद्यतेल आणि दळलेले मसाले सुटे विकायला अन्नसुरक्षेचे नियमच मनाई करतात. तूरडाळ, ज्वारी, शेंगदाणे यांचे मात्र तसे नाही. हा माल दुकानात पोत्याने येतो, तिथे अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्यांत भरून पिन मारली जाते आणि घरी पोचताच आपण तो डब्यात ओततो. फळीवरून ओट्यापर्यंतच्या प्रवासापुरत्या या पिशवीने नेमके काय टिकवले? कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडीद आपण डब्यातूनच गिरणीवर नेतो, आणि त्याला कधी काही झालेले नाही. रावेर-यावलच्या केळ्याला तर निसर्गानेच साल दिली आहे. त्यावर मोठ्या दुकानांत पुन्हा प्लास्टिक गुंडाळलेले पाहिले की हसू येते.

पुनर्वापराबद्दल जळगावकरांना कोणी शिकवायला नको. इथल्या औद्योगिक वसाहतीत वापरलेल्या प्लास्टिकच्या दाण्यांपासून चटया तयार होतात, आणि त्याचा अभिमान रास्तच आहे. पण त्यासाठी एकाच जातीचे, बऱ्यापैकी स्वच्छ प्लास्टिक लागते. वेफर्सच्या चकचकीत पाकिटात प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे करणे परवडत नाही. शेवेच्या तेलकट पिशवीकडे भंगारवाला ढुंकूनही पाहत नाही.

राहिला दुकानदाराचा दोष. कंपनीच्या पाकिटाला तो जबाबदार नाही हे खरे, पण सुट्या मालाची पिशवी तोच भरतो. हातात द्यायची पिशवी 120 मायक्रॉनपेक्षा पातळ नसावी, हा केंद्राचा नियमही 31 डिसेंबर 2022 पासून लागू आहे. मागणी एवढीच आहे की ग्राहकाने डबा आणला तर त्यात माल तोलून द्यावा. डब्याचे वजन कसे वजा करायचे, असे मी नेहमीच्या दुकानात विचारले, तेव्हा दुकानदाराने माझा स्टीलचा डबा काट्यावर ठेवला, एक बटण दाबून आकडा शून्यावर आणला आणि डाळ ओतली. ते बटण काट्यावर पहिल्यापासूनच होते.