ए रताळ्या!

मराठीत एखाद्याचा बावळटपणा एका शब्दात सांगायचा तर आपण ‘रताळ्या’ म्हणतो. ‘सुरणा’ म्हणत नाही, ‘बटाट्या’ही नाही. या कंदाचं नशीबच तसलं. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक रताळ्यालाच ‘बटाटा’ म्हणत. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला आणि आपल्यापर्यंत येताना तो भलत्याच कंदाला चिकटला. स्वतःचं नाव दुसऱ्याला देऊन वर शिवी म्हणून वापरला जाणारा असा जीव दुसरा नाही.

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारची, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या पॉटलकची (ज्याला प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा, त्या जेवणाची) यादी फिरू लागली की रताळ्याचा कॅसरोल, म्हणजे पसरट भांड्यात थापून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ, मराठी घराच्या गळ्यात पडण्याची दाट शक्यता असते. “तुम्ही उपवासाला करता ना? मग सोप्पं आहे की!” आता उपवासाचं रताळं म्हणजे उकडलं, सोललं, दुधात कुस्करलं, झालं. फार कौतुक करायचं असेल तर तुपावर काप आणि वर गूळ. त्याचं कॅसरोलशी नातं एकादशी आणि दुप्पट खाशी, एवढंच. माझं स्पष्ट मत आहे की ज्या पाककृतीच्या नावात ‘सोपी’ हा शब्द असतो, तिच्यासाठी सुट्टी टाकावी.

पहिली परीक्षा दुकानातच. नारिंगी गराच्या रताळ्यांवर ‘याम’ अशी पाटी असते. ते याम नव्हे. खरा याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातला, आणि रताळं हा मॉर्निंग ग्लोरीच्या वेलाचा भाऊबंद. १९३०च्या दशकात लुइझियानाच्या शेतकऱ्यांनी आपलं नारिंगी, ओलसर रताळं इतरांहून वेगळं दिसावं म्हणून त्याला याम म्हणायला सुरुवात केली, आणि घोळ कायमचा झाला. आपल्याला हवं ते हेच, नारिंगी. इंडियन स्टोअरमधली पांढऱ्या गराची रताळी चवीला छान, पण पिठूळ. ती घेतली तर दूध जवळजवळ दुप्पट लागतं आणि रंग पाहून लोक विचारतात, हा कोणता बटाटा?

९ बाय १३ इंचांच्या भांड्याला, म्हणजे दहाबारा माणसांना, ४ पौंड (सुमारे १.८ किलो) रताळी घ्यावीत. मध्यम, एकसारख्या जाडीची. एक बाळसेदार आणि चार किडकिडीत असली, की किडकिडीत वितळतात तरी बाळसेदाराच्या पोटात सुरी अडतेच. आणि घरी आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नयेत. आपल्याला दिसेल ते फ्रिजमध्ये कोंबायची खोड असते. पण साधारण १३ अंश सेल्सियसखाली कच्चं रताळं राहिलं की त्याच्या मनाला लागतं. मग कितीही शिजवा, मधला गाभा टणकच राहतो.

आता खरा प्रश्न: उकडायचं की भाजायचं? कुकरकडे गेलेला हात मागे घ्यावा. सोलून, फोडी करून उकडलेलं रताळं पाणी पितं, आणि ते पाणी पुढे भांड्याच्या तळाशी निथळून बसतं. शिवाय रताळ्यात एक एन्झाइम असतं. साधारण ५७ ते ७७ अंश सेल्सियसच्या मधे ते पिठाची साखर करत बसतं. हळूहळू भाजलं की त्याला वेळ मिळतो. मायक्रोवेव्हमध्ये हा टप्पा इतक्या घाईत उरकतो, की ते कामाला लागेपर्यंत ऑफिस बंद झालेलं असतं. म्हणून रताळी धुऊन, पुसून, काट्याने टोचून, सालासकट ४०० फॅरनहाइटवर (२०० सेल्सियस) तासभर. सुरी लोण्यात जावी तशी गेली पाहिजे. खाली फॉइल लावलेला ट्रे हवाच. टोचलेल्या भोकांतून पाक गळतो, ओव्हनच्या तळावर जळतो, आणि धुराचा अलार्म सगळ्या बिल्डिंगला कळवतो की तुमच्याकडे सोप्पं काहीतरी चाललंय.

भाजलेल्याचं साल हाताने निघतं. गर हातानेच कुस्करावा. दोरे फार असतील तर इलेक्ट्रिक बीटर एकदा फिरवावा. दोरे त्याच्या पात्यांना गुंडाळून बाहेर येतात. ते दृश्य बाथरूमची जाळी साफ करण्याची आठवण देणारं असतं, पण गर मऊसूत होतो. फूड प्रोसेसरमध्ये मात्र घालू नये. त्यात खळ होते, आणि ती पतंगाला लावायच्या लायकीची असते.

सहा कप गराला लोणी ८५ ग्रॅम, ब्राऊन शुगर पाव कप, दूध अर्धा कप, मीठ एक चमचा, दालचिनी एक चमचा, व्हॅनिला एक चमचा. चमचा म्हणजे मापाचा छोटा (टीस्पून), ‘अंदाजे’ नावाचा नव्हे. अनेक कृतींत कपभर साखर असते. एन्झाइमने तासभर राबून केलेल्या साखरेचा हा अपमान आहे. त्यातून डब्यातली, पाकातली रताळी आणली असतील तर पाक ओतून द्यावा आणि साखरेचं नावच काढू नये. मिठात मात्र काटकसर नको. ते कमी पडलं तर हा पदार्थ बाळाच्या पहिल्या घासासारखा लागतो.

मग दोन अंडी. अंड्यांमुळे कॅसरोल फुगतो आणि वडीसारखा धरून राहतो. पण गर कोमट झाल्यावरच घालावीत. गरम गरात घातली तर नारिंगी भुर्जी मिळते. अंडं न खाणारे असतील तर सरळ वगळावं, दूध निम्मं करावं. फुगणार नाही, हलव्यासारखा होईल. त्यात दुःख करण्यासारखं काही नाही.

आता वरचं छप्पर. इथे देशाचे दोन तट आहेत. मार्शमेलोचा, म्हणजे साखरेच्या मऊ, फुगीर गोळ्यांचा पक्ष १९१७पासूनचा. तेव्हा एका मार्शमेलो कंपनीने जॅनेट मॅकेन्झी हिल या पाकतज्ज्ञ बाईंकडून कृतींची पुस्तिका करून घेतली, तिच्यातून हे लचांड रताळ्याच्या डोक्यावर बसलं. मार्शमेलोत प्राण्यांच्या हाडा-कातड्यांतून काढलेलं जिलेटिन असतं, म्हणजे शाकाहारी पंगतीत त्याला मज्जाव. दुसरा पक्ष अक्रोडासारख्या पीकन नटांचा, आणि माझं मत यांना: अर्धा कप मैदा, अर्धा कप ब्राऊन शुगर, एक कप भरड चिरलेले पीकन, चिमूट मीठ आणि ५७ ग्रॅम थंड लोणी बोटांनी चोळून रवाळ करायचं. लोणी वितळवून घातलं की रवाळपणा जातो आणि वर अखंड पापडी बसते, जी वाढताना चमच्याला दाद देत नाही. ३५० फॅरनहाइटवर (१७५ सेल्सियस) ३५ ते ४० मिनिटं, कडा बुडबुडेपर्यंत. मुलांच्या हट्टापायी एका कोपऱ्यात मार्शमेलो लावायचेच, तर शेवटच्या आठ मिनिटांत. ब्रॉयलरखाली, म्हणजे ओव्हनच्या वरच्या थेट आचेखाली, सोनेरी आणि कोळसा यांत अर्ध्या मिनिटाचं अंतर असतं, आणि काचेचं भांडं तिथे तडकतं ते वेगळंच.

एवढं साधलं तरी ओव्हन एकच असतो, आणि तो टर्कीच्या ताब्यात. १४ पौंडांची टर्की ३२५वर साडेतीन तास तरी बसते आणि मोठ्या जावेसारखी जागा सोडत नाही. तेव्हा गर आदल्या दिवशी भांड्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावा, वरचं मिश्रण वेगळ्या डब्यात. गुरुवारी भांडं तासभर आधी बाहेर काढावं, कारण फ्रिजमधली गार काच तापल्या ओव्हनमध्ये चिरते. टर्की बाहेर येऊन पाऊण तास विसावते, तेवढ्यात आपलं लग्न लावून घ्यायचं.

टेबलावर नवा पेच. हा पदार्थ गोड, पण गोडाबरोबर येत नाही. टर्की, ग्रेव्ही आणि फरसबीच्या शेजारी बसतो. ताटात डावीकडे वाढावा की उजवीकडे, याचा निर्णय कुठल्याच मराठी आजीने दिलेला नाही. मी त्याला चटणीच्या जागी, डावीकडे, दोन चमचे वाढतो. मागून घेणारे मागून घेतात.

उरतोच. शुक्रवारी त्यात मावेल तेवढी कणीक, पाणी न घालता मळून, घारगे तळावेत. पीकनचे तुकडे आधी वेचून घ्यावेत, नाहीतर घारगा लाटताना फाटतो. मार्शमेलोचा कोपरा मात्र यात चालत नाही, तेलात जाऊन काळा होतो. तो गुरुवारी रात्रीच डब्यात भरून, झाकण घट्ट लावून, “सोप्पं आहे” म्हणणाऱ्यांच्या हाती द्यावा.