स्लाइड चुकून उघडते तेव्हा

विमान गेटवर उभं आहे आणि क्रूच्या हातून इमर्जन्सी स्लाइड (आणीबाणीत दारातून खाली उतरायची, हवेने फुगणारी घसरगुंडी) उघडली, अशी बातमी आली की खालच्या कमेंट ठरलेल्या असतात. 'दार उघडता येत नाही का?' 'खर्च पगारातून कापा.' ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गहून सॉल्ट लेक सिटीला निघायच्या तयारीत असलेल्या डेल्टा एअरलाइन्सच्या एअरबस ए-२२० मध्ये हे घडलं, तेव्हाही हेच. ज्या कर्मचाऱ्याच्या हातून झालं त्याची नोकरी २६ वर्षांची असल्याचं बातम्यांत आलं, आणि लोकांना आणखी चेव चढला. एवढ्या वर्षांत काय शिकला म्हणे!

मला त्या २६ वर्षांचं अजिबात आश्चर्य वाटलं नाही. नवखा माणूस दाराशी घाबरत उभा असतो, मनात एकेक पायरी म्हणत. ज्याने हजारो वेळा दाराचं हँडल उचललंय त्याचे हात डोक्याला न विचारता चालतात. अशी चूक माहिती नसल्यामुळे होत नाही, ती सवयीमुळे होते. मग 'पुन्हा ट्रेनिंगला पाठवा' हा उपाय कितपत लागू पडणार?

दाराचं काम कसं चालतं ते थोडं सांगतो. निघायच्या आधी केबिनमध्ये 'आर्म डोअर्स अँड क्रॉसचेक' अशी सूचना होते, ती आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. म्हणजे दार उघडताच स्लाइड फुगेल अशा तयारीत ठेवा आणि एकमेकांचं दार तपासा. एअरबस ए-३२० मध्ये दाराजवळचा एक छोटा लीव्हर आर्म्डवर नेला की स्लाइडच्या टोकाची दांडी, गर्ट बार, विमानाच्या फ्लोअरला अडकते. आता लीव्हर मागे न घेता, म्हणजे डिसआर्म न करता, आतून दार उघडलं तर दार बाहेर जातं, दांडी जागेवर राहते, मधल्या मध्ये स्लाइडचं पॅक ओढलं जातं आणि सिलिंडरमधला दाबाखालचा गॅस सुटतो. हा गॅस जाता जाता बाहेरची हवाही आत खेचतो, म्हणून एवढी मोठी स्लाइड काही सेकंदांत फुगते. शिवाय आर्म्ड असताना दार ढकलायला हवेच्या दाबाची यंत्रणा मदतीला असते. हँडल पूर्ण वर गेलं की 'अरे, थांब' म्हणायला वेळच उरत नाही.

बोइंग ७३७ मध्ये हाच प्रकार हाताने चालतो. क्रू खाली वाकून ती दांडी उचलते, फ्लोअरवरच्या दोन ब्रॅकेटमध्ये बसवते आणि दाराच्या खिडकीवर लाल पट्टा आडवा लावते. तो पट्टा बाहेरच्या माणसासाठीही असतो. ए-३२० चं दार बाहेरून उघडलं तर ते आपोआप डिसआर्म होतं. ७३७ मध्ये तशी सोय नाही. तिथे दांडी अडकलेली राहिली आणि बाहेरून कोणी दार ओढलं, तर स्लाइड त्याच्याच अंगावर.

ए-३२० मध्ये सावध करायला एक पांढरा दिवाही आहे. आतून हँडल किंचित उचललं की दाराच्या खिडकीपाशी 'स्लाइड आर्म्ड' असा तो लागतो. दिसला की हँडल खाली दाबायचं, संपला विषय. म्हणजे किंचित उचलणं आणि पूर्ण उचलणं यांच्यामध्ये एक थांबा ठेवलेला आहे. सवयीचा हात नेमका तोच थांबा गिळतो. शेजारी लाल दिवा असतो, केबिनमध्ये दाब शिल्लक असल्याचं सांगणारा. त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. २००० साली मायामीला एका विमानाच्या आणीबाणीच्या लँडिंगनंतर आत दाब असतानाच दार उघडलं गेलं आणि उघडणारा क्रू बाहेर फेकला जाऊन मरण पावला.

मग लोक विचारतात, एवढा धोका आहे तर आणखी एक कुलूप का नाही लावत? कारण ते दार मुळात पटकन उघडण्यासाठीच आहे. ४४ पेक्षा जास्त सीटच्या विमानाचं प्रमाणपत्र मिळवताना, निम्मीच दारं वापरून सगळी माणसं ९० सेकंदांत बाहेर काढता येतात हे दाखवावं लागतं. अंधारात, धुरात, समोर माणसं किंचाळत असताना एकाच हालचालीत दार उघडलं पाहिजे. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए-३५० तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. तटरक्षक दलाचे पाच जण गेले, पण ए-३५० मधले सगळे ३७९ जण बाहेर पडले, तेही आठपैकी तीनच दारांतून. आतली अनाउन्समेंट यंत्रणा बंद पडली होती, क्रू मेगाफोनवर ओरडत होती. मागच्या दाराशी असलेल्या क्रूचा कॉकपिटशी संपर्क होत नव्हता, तेव्हा दार उघडायचं तिने स्वतःच ठरवलं. तिथे एक जास्तीचं कुलूप असतं तर?

नुकसान होतंच, त्याबद्दल वाद नाही. फुगलेली स्लाइड पुन्हा घडी करून आत कोंबता येत नाही. ती काढून दुसरी बसवावी लागते, जुनी खास वर्कशॉपमध्ये जाते. तोवर एक दार वापराबाहेर, म्हणजे प्रवासी कमी करा नाहीतर विमान उभं ठेवा. एरोब्रिज (टर्मिनलपासून विमानाच्या दाराला जोडलेला बंदिस्त पूल) लागलेला असेल तर स्लाइड त्यातच अडकते आणि आतली माणसं आतच. पुढची कनेक्टिंग फ्लाइट चुकलेल्या माणसाचा संताप मला पूर्ण मान्य आहे.

पण पगारातून कापायची भाषा मला पटत नाही. तसं केलं की पुढच्या वेळी 'हँडल थोडं उचललं होतं, दिवा पेटला, वाचलो' हे कोणी सांगणारच नाही, आणि उपयोगाची माहिती तीच असते. अमेरिकेत नासा १९७६ पासून अशा गोष्टींचे गोपनीय रिपोर्ट घेते. दहा दिवसांत कळवलं आणि कृत्य मुद्दाम नसेल, तर सहसा दंडातून सूट मिळते. मुद्दाम केलेल्याची गोष्ट निराळी. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या जेएफकेवर एका क्रूने वैतागून स्लाइड उघडली, बिअरचे कॅन घेतले आणि घसरून निघून गेला. त्याला १०,००० डॉलर भरायला लावले, ते योग्यच.

चुकून झालेल्या वेळी मला वेगळेच प्रश्न विचारावेसे वाटतात. क्रॉसचेक करणाऱ्याने समोरचं दार खरंच बघितलं, की जागेवरूनच 'चेक्ड' म्हणून टाकलं? हँडलला हात लागण्याच्या क्षणी मध्येच कोणी काही विचारलं का? जपानच्या रेल्वेत कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने त्याची स्थिती बोलतात. बघणाऱ्याला हसू येतं, पण त्यामुळे हाताला सेकंदभर थांबावं लागतं. दाराशीही हे व्हावं, आणि तो सेकंद कंपनीने 'वेळेवर सुटलेल्या फ्लाइट'च्या हिशोबात क्रूवर लादू नये. त्या दिवशीची ही क्रूची कितवी फ्लाइट होती आणि ड्युटीचा कितवा तास, हेही चौकशीत आलं पाहिजे. बातमीत हे कधीच नसतं, तिथे फक्त स्लाइडची किंमत असते.