मग अंडी गेली कुठे?

पावसाळ्यात ट्रेकला ओलं लाकूड पेटत नाही, म्हणून घरीच फायर स्टार्टर करायचं ठरवलं. अंड्याच्या ट्रेच्या खळग्यात लाकडाचा भुसा भरायचा, वरून वितळलेलं मेण ओतायचं, गार झालं की एकेक खळगा कापायचा, बास. ट्रे पुठ्ठ्याचाच लागतो कारण तो पुठ्ठाच वातीचं काम करतो. मेण म्हणजे दिवाळीच्या उरलेल्या मेणबत्त्या, भुसा सुताराने दिला, ट्रे कोपऱ्यावरच्या अंडेवाल्याने. रिकामा ट्रे. रिकामा!

लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरचे काका.

"अंडी?"

"नाही काका, नुसता ट्रे."

काकांनी वाकून तीसच्या तीस खळगे तपासले. "मग अंडी गेली कुठे?"

"खाल्ली असतील कोणीतरी."

"कोणी?"

"अंडेवाल्याच्या गिऱ्हाइकांनी. मला काय माहीत काका!"

"म्हणजे खाल्ली गेलीच ना."

आता यावर काय बोलणार. दुसरा मजला आला तर हे दारात पाय अडकवून उभे, आणि वरून ती लिफ्टमधली बाई "कृपया दरवाजा बंद करें" चालू. मी भुसा, मेण, ट्रेक सगळं सांगितलं.

"मेण कशाचं? चरबी असते म्हणे त्यात."

"पॅराफिन आहे, पेट्रोलियमपासून करतात."

"पेट्रोल? घरात? गॅसवर?"

"थेट गॅसवर नाही, पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून वितळवायचं."

"कापूर घ्या की त्यापेक्षा. पवित्र असतो."

पवित्र असेल, पण ओल्या लाकडापुढे कापूर म्हणजे भक् करून पेटतो आणि लाकडाला कळायच्या आत संपतो, वर पुडी उघडी राहिली तर सॅकमध्येच उडून जातो. त्यापेक्षा व्हॅसलिन चोळलेला कापूस बरा, निदान काही मिनिटं तरी जळतो. (आणि गडावर नाही हां पेटवत आम्ही, पायथ्याच्या गावात, ज्याचं शेत त्याला विचारून. उगाच कमेंटमध्ये सुरू होऊ नका.)

"बरं, त्या आगीवर शिजवणार काय?"

"मॅगी."

"नुसती?"

इथे मी अर्धा सेकंद गप्प राहिलो आणि काकांना हवं ते मिळालं. पाय काढला त्यांनी दारातून.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: "लिफ्टमधून मांसाहारी पदार्थ व त्यांची आवरणे नेऊ नयेत." आवरणे! खाली धडाधड अंगठे. त्याच लिफ्टच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या आहेत, त्यावर आजवर एक मेसेज नाही. पिचकारी शाकाहारी ना. मेन्टेनन्स मात्र मला सगळ्यांएवढाच, त्यात अंडी खाणाऱ्यांना पायऱ्यांचा डिस्काउंट वगैरे काही नाही. आणि मी घरात काय खातो हे मी या माणसाला का सांगायचं, तेही बीप बीप करणाऱ्या लिफ्टमध्ये उभं राहून?

रात्री काकांचा पर्सनल मेसेज आला: "गोवऱ्या ऑनलाइन मिळतात. लिंक पाठवू?" म्हणजे शेण लिफ्टमधून चालतं.

ट्रे सध्या गाडीच्या डिकीत आहे, वर टॉवेल टाकून. माझीच गाडी, माझाच रिकामा पुठ्ठा, आणि टॉवेल टाकतोय मी.