पक्ष कोणाचा, हे कोणाला मोजून ठरवायचं?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पक्षांनी आपले पदाधिकारी खरोखर मतदान घेऊन निवडावेत, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. तुम्ही त्याला पुस्तकी हट्ट म्हणता. मतदार नेता आणि चिन्ह बघून बटण दाबतो, जिल्हाध्यक्ष निवडून आलाय की नेमलाय याच्याशी त्याला काय देणंघेणं, हा तुमचा सवाल आहे.

मतदाराबद्दलचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण ज्या चिन्हासमोरचं बटण तो दाबतो, ते चिन्ह कोणाकडे राहणार हे ठरायची वेळ आली तेव्हा हाच पुस्तकी मुद्दा आडवा आला. शिवसेनेच्या वादात निवडणूक आयोगाने 17 फेब्रुवारी 2023 ला निकाल दिला. पक्षाच्या घटनेवरून निर्णय करता येईना, कारण आयोगाच्या मते 2018 च्या घटनेतली व्यवस्था लोकशाहीला धरून नव्हती, पदाधिकारी निवडून न येता नेमलेले होते. संघटनेतलं बहुमत कोणाचं, याचाही समाधानकारक हिशोब लागला नाही. मग उरलं काय? आमदार-खासदार. 55 पैकी 40 आमदार शिंदे गटाकडे होते, म्हणून नाव आणि धनुष्यबाण तिकडे गेलं. वर्षभराने, 6 फेब्रुवारी 2024 ला, राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळही विधिमंडळातल्या बहुमतावरच अजित पवार गटाला मिळालं.

या दोन्ही निकालांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. कोणता गट बरोबर, हा माझा विषय नाही. मला टोचतं ते हे, की भिंती रंगवणारा, मतदानाच्या दिवशी बूथवर बसणारा, शाखा चालवणारा कार्यकर्ता या मोजणीत निर्णायक ठरलाच नाही. विधिमंडळ पक्ष, म्हणजे सभागृहातले पक्षाचे आमदार, हा राजकीय पक्ष नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2023 च्या निकालात स्पष्ट सांगितलंय. पण पक्ष म्हणजे कोण, हे दाखवणारी विश्वासार्ह यादीच नसेल तर मोजणारा शेवटी आमदारांकडेच वळतो.

1969 ला काँग्रेस फुटली तेव्हा बैलजोडी या चिन्हावरून असाच वाद झाला होता. त्या वेळी आयोगाने खासदार-आमदारांबरोबर अखिल भारतीय काँग्रेस समितीचे सदस्यही मोजले. दोन्हीकडे जगजीवनराम यांच्या, म्हणजे इंदिरा गांधींच्या बाजूच्या, गटाचं बहुमत निघालं आणि 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. संघटना मोजता येत होती, म्हणून तिला मोजलं गेलं.

सभासद नोंदणी तर होतेच, असं तुम्ही लिहिलंय. कशी होते ते मी जवळून पाहिलंय. कॉलेजात असताना एका पक्षाची पावतीपुस्तकं आम्ही पोरांनी एका रात्रीत भरली होती. नावं मतदारयादीतून उतरवलेली, वर्गणी तिकिटाच्या इच्छुकाने एकरकमी भरलेली. ज्यांची नावं आम्ही लिहिली त्यांना आपण सभासद झालोय हे कधी कळलं नसेल. फूट पडल्यावर अशी पुस्तकं आयोगापुढे ठेवून काय सिद्ध होणार?

काँग्रेसने 2022 मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक घेतली, खर्गे यांना 7,897 आणि थरूर यांना 1,072 मतं पडली, त्याने मतदारात काय फरक पडला, हेही तुम्ही विचारलंय. लगेच पडेल असं मी म्हटलंच नव्हतं. तेव्हाही मतदार प्रतिनिधींची यादी खुली करा, अशी मागणी पक्षाच्याच पाच खासदारांना पत्र लिहून करावी लागली होती. म्हणजे आधी यादी, मग मतदान. पहिल्या पायरीवरच आपल्याकडे घोडं अडतं. आणि कायद्याचा धाक नाहीच. नोंदणी करताना पक्ष लोकशाही तत्त्वांशी निष्ठा लिहून देतो, पण ती पाळली नाही म्हणून आयोग नोंदणी काढून घेऊ शकत नाही, हे 2002 पासून न्यायालयाच्या निकालाने ठरलेलं आहे.

भाजपबद्दल मी गप्प राहिलो, ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे. राष्ट्रीय अध्यक्ष तिथेही बिनविरोधच ठरत आलाय, नाव वरून येतं आणि अर्ज एकाच नावाचे भरले जातात. मूळ लेखात हा परिच्छेद आज घातला आहे.