‘एक नंबर मोठा घ्या’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

रेडीमेड कपडा बसत नाही तेव्हा दोष बाईच्या अंगाचा नसतो, मापाच्या तक्त्याचा असतो, असं मी ‘कपड्याचं माप कोण ठरवतं’ या लेखात लिहिलं होतं. त्याखाली एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. त्यांचं लेडीज वेअरचं दुकान आहे. प्रतिक्रिया बरीच लांब आहे, म्हणून त्यातलं मुद्द्याचं तेवढं इथं देते: “ताई, हे रडगाणं झालं. फॅशनवाल्यांच्या नावानं बोटं मोडणं सोपं आहे. कपडा बसत नसेल तर एक नंबर मोठा घ्यावा, इतका साधा उपाय आहे. बायकांना ‘जाड झालीस’ असं दुकानदार म्हणत नाही, घरचे म्हणतात. मॉडेल बारीक असतात ती त्यांची मर्जी. उलट कंपन्या नंबर लहान छापतात, गिऱ्हाईक खूश होतं. तुम्ही स्वतः याच धंद्यातलं खाता. आणि ४० म्हणजे एक्सएल असं लिहिलंय ते चूक आहे, ४० एल असतो.”

आधी शेवटचं घेते. ४० एल, हे तुमचं बरोबर. कुर्तीच्या नेहमीच्या तक्त्यात ३६ एस, ३८ एम, ४० एल, ४२ एक्सएल आणि ४४ डबल एक्सएल. माझ्याकडून एक घर सरकलं, मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. फक्त एवढंच, की हा ४० काही लेबलांवर अंगाच्या छातीचा असतो आणि काहींवर शिवलेल्या कपड्याचा, म्हणजे ३८ छातीला होणारा. तुमच्या दुकानात हे दोन्ही ४० एकाच दांडीवर शेजारीशेजारी टांगलेले असणार. ते तुमच्या नजरेतून सुटलं, माझं एक्सएल सुटलं नाही.

आता ‘ताई’. ताई म्हणायचं आणि पुढच्याच शब्दाला रडगाणं म्हणायचं, ही रीत काउंटरवर चालत असेल. लेखात मी रडले नव्हते, मापं दिली होती. मापांना मापांनी उत्तर द्यावं. तुमच्या अख्ख्या प्रतिक्रियेत मापाचा आकडा एकच, तोही माझी चूक दाखवायला.

आणि हो, याच धंद्यातलं खाते. बावीस वर्षं कागदावर मुंढे, म्हणजे बाही जोडायचे काखेचे गोल काप, कोरते आहे. त्यातली नऊ एका एक्सपोर्ट युनिटच्या पॅटर्न रूममध्ये गेली, जिथं कपडा बेतायचे कागदी साचे बनतात. म्हणूनच लिहिते. हलवायानं साखरेबद्दल बोलू नये असा काही नियम असेल तर कळवा.

तुमचं एक वाक्य मात्र सोडवत नाही, कारण ट्रायल रूमच्या दाराबाहेर उभा असलेला प्रत्येक सेल्समन तेच म्हणतो: एक नंबर मोठा घ्या.

मोठा नंबर म्हणजे नेमकं काय, ते बघा. कंपनी सहा अंगांची मापं घेऊन सहा पॅटर्न काढत नाही. एकच काढते, बहुतेक वेळा एमचा. तो एका फिट मॉडेलच्या अंगावर घालून, टाचण्या लावून, दोन-तीनदा सुधारून पक्का होतो. बाकीचे नंबर त्यातून ग्रेडिंगनं, म्हणजे ठरलेल्या पटीत कागद वाढवून-घटवून, निघतात. छातीला दर नंबरमागे २ इंच, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अर्ध्या कागदावर प्रत्येकी अर्धा इंच. शोल्डरला, म्हणजे एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंतच्या रुंदीला, साधारण अर्धा इंच, मुंढ्याच्या खोलीला पाव इंच, आणि गळाही थोडाथोडा रुंद होत जातो. हा नियम संगणकात भरून ठेवलेला असतो. एम पक्का झाला की डबल एक्सएल निघायला चहा पिण्याइतकाही वेळ लागत नाही.

बाईचं अंग असं वाढत नाही. वजन वाढलं की छाती, पोट, दंड भरतात. खांद्याचं हाड होतं तेवढंच राहतं. ३८ छाती असताना जिचं शोल्डर साडेचौदा होतं, तिची छाती ४४ झाली तरी ते साडेचौदाच, फार तर पाव इंच इकडेतिकडे. तक्ता मात्र म्हणतो, ४४ला १६.

रोजच्या पाहण्यातलं एक अंग घ्या. पूर्ण छाती ४३, अप्पर चेस्ट, म्हणजे छातीच्या वरून काखेतून टेप फिरवून, ३८, शोल्डर साडेचौदा. तक्ता अंगाच्या मापाचा धरू. ४० घातला तर छातीवर आडव्या सुरकुत्या, काखेकडे तिरक्या चुण्या. मग तुमच्या सल्ल्यानं मोठा; ४३ छातीला ४२ही पुरत नाही, म्हणून ४४. छातीवरची ओढ गेली, पण खांद्याची शिवण दोन्हीकडे पाऊण-पाऊण इंच दंडावर उतरली. गळा वाकल्यावर पोकळ. मुंढा हवा त्यापेक्षा अर्धा इंच खाली, आणि इथं भल्याभल्यांची गफलत होते. मुंढा खोल म्हणजे हात मोकळा, असं वाटतं. आहे उलट. काखेलगत बसलेल्या मुंढ्यात हात वर केला की बाही तेवढी वर जाते, खोल मुंढ्यात बाहीबरोबर सगळी कुर्ती वर ओढली जाते. बसमध्ये दांडी धरली की कुर्तीची कड चार बोटं वर, आणि दुसऱ्या हातानं ती खाली ओढत राहायचं.

म्हणजे लहान नंबर घट्ट आणि मोठा नंबर गबाळा. दोन्ही कुर्त्या हुकाला टांगलेल्या, वरून थेट डोक्यावर पडणारा दिवा, त्यात प्रत्येक घडीची सावली पडते, आणि बाहेरून आवाज: “मॅडम, थ्री एक्सएल देऊ का?” आत उभी असलेली बाई ग्रेडिंगचा नियम चुकला असं म्हणत नाही. ती म्हणते, माझंच अंग बेढब आहे. तुमचा साधा उपाय तो हाच.

चूक कुठे आहे ते सांगते. मूळ पॅटर्न पूर्ण छाती आणि अप्पर चेस्ट यांत साधारण २ इंचांचा फरक धरून काढलेला असतो. मघाच्या उदाहरणातल्या बाईत तो फरक ५ आहे. कमी पडतात ते ३ इंच, आणि ते फक्त पुढच्या भागात हवेत. मोठा नंबर ती वाढ पुढे, मागे, खांद्यावर, काखेत सगळीकडे सारखी वाटून टाकतो.

दुरुस्ती अवघड नाही. नंबर अप्पर चेस्टवरून निवडायचा: ३८ अधिक २, म्हणजे ४०. त्याचं शोल्डर १५, पाव-पाव इंच जास्त, ते बाहीच्या शिवणीत मुरतं. मग पुढच्या भागाचा अर्धा कागद घ्या. घेरापासून, म्हणजे कुर्तीच्या खालच्या कडेपासून, सरळ वर छातीच्या पॉइंटपर्यंत (सगळ्यात पुढे आलेल्या टोकापर्यंत) रेघ, तिथून वळवून मुंढ्याच्या खालच्या बाजूकडे. या रेघेवर कागद कापायचा, पण मुंढ्याच्या शिवणरेषेशी सुतभर जोडलेला ठेवायचा. दुसरी चीर बाजूच्या शिवणीपासून पॉइंटपर्यंत, तिथंही टोक जोडलेलं. आता छातीच्या रेषेवर दीड इंच फाकवा, घेराकडच्या दोन्ही कडा एकमेकींना समांतर राहतील असं बघा. बाजूची चीर आपोआप उघडते, तोच तुमचा साइड टक्स, छातीला गोलाई देणारी टोकदार चुणी. मधली पट्टी खाली आखूड पडते, ती आडवी कापून घेराच्या रेषेला आणा आणि फटीत कागद चिकटवा. टक्सचं टोक पॉइंटच्या इंचभर अलीकडे थांबवा, नाहीतर छातीवर शंकू उभा राहतो. मुंढ्याचा जोड तुटला तर मुंढा लांबतो आणि बाही बसत नाही. पहिल्यांदा करताना हमखास हेच होतं. गळा, शोल्डर, मुंढा जसेच्या तसे, जागा फक्त हवी तिथं वाढली.

कारखान्यात हे का होत नाही? येत नाही म्हणून नव्हे. सहा नंबर गुणिले छातीचे तीन प्रकार म्हणजे अठरा खोकी, अठरा बारकोड, आणि तुमच्यासारख्या दुकानात अठरा पीस टांगायला जागा. शिवाय टक्स म्हणजे खुणा, दुमड, टीप, इस्त्री, प्रत्येक पीसला दोनदा. म्हणून सरळ कुर्तीतून टक्सच उडवला आणि त्याला ‘स्ट्रेट फिट’ म्हटलं. हिशेब म्हणून मला कळतो. पण हिशेबानं वाचवलेले पैसे कंपनीचे आणि लाज गिऱ्हाइकाची, ही वाटणी मला मान्य नाही.

गल्लीतला टेलर ब्लाउजला आत इंच-दीड इंच माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, सोडतो, दोन-तीन टिपा मारून ठेवतो. अंग भरलं की एक टीप उसवायची, तक्रार संपली. रेडीमेडला अर्धा इंच, तोही कड कापत शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीननं छाटलेला. उसवून हातात काही येत नाही.

मॉडेलची मर्जी म्हणता, तर क्रम बघा. रॅम्पवरचा नमुना आधी शिवून तयार असतो, एकाच मापाचा. मग त्यात मावेल अशी मुलगी शोधतात. एलव्हीएमएच आणि केरिंग या फॅशनमधल्या दोन फ्रेंच बड्या गटांनी सप्टेंबर २०१७मध्ये फ्रेंच ३२ मापाच्या, म्हणजे अगदी बारीक, मॉडेल घेणार नाही असं जाहीर केलं. मर्जी मुलींची असती तर बंदी कंपन्यांनी स्वतःवर कशाला घातली असती? (तुमच्या शोकेसमधल्या पुतळ्याची पाठही एकदा सगळ्यांना दाखवा. कुर्ती मागून किती टाचण्यांनी आवळलेली असते ते तुम्हाला माहीतच आहे.)

नंबर लहान छापतात आणि गिऱ्हाईक खूश होतं, हे अर्धं खरं. सिअर्स या अमेरिकन दुकान-कंपनीच्या १९३७च्या कॅटलॉगमध्ये ३२ इंच छातीचा ड्रेस १४ नंबरचा होता, १९६७मध्ये तीच छाती ८ झाली, २०११मध्ये शून्य. खूश व्हायला नंबर लहान लागतो, ही सवय लावली कोणी?

आणि तक्ता काही देवानं दिलेला नाही. अमेरिकेत कृषी खात्यानं १९३९-४०मध्ये सुमारे १५,००० बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली. गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं हिशेबातून वगळली. या कामाच्या पायावर बायकांच्या कपड्यांच्या मापांचं १९५८चं व्यापारी मानक उभं राहिलं, ते १९८३मध्ये मागे घेतलं. आपल्याकडे स्वतःचा तक्ता नव्हता, म्हणून निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेनं ‘इंडियासाइज’ ही मापांची पाहणी हाती घेतली: मुंबईसह सहा शहरं, १५ ते ६५ वयोगट, थ्रीडी स्कॅनर, २५,००० लोकांचं उद्दिष्ट. देशातल्या बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आणि फोटोतली मॉडेल पाच फूट आठ. ४६ इंचांची कुर्ती तिच्या पोटरीवर थांबते आणि इकडे घोट्याजवळ येते. त्यालाही नंबर मोठा घ्यायचा का?

घरचे टोमणे मारतात, हे खरं. लेख टोमण्यांवर नव्हता.

उद्या दुकान उघडलंत की एक काम करा. एकाच कंपनीचा एक एम आणि एक डबल एक्सएल टेबलावर पाठ वर करून पसरा, शोल्डरच्या एका शिवणीपासून दुसरीपर्यंत टेप लावा आणि दोन्ही आकडे इथं लिहा. फरक दीड इंचाच्या जवळपास निघेल. पाव इंचच निघाला तर कंपनीचं नावही लिहा, तिथल्या पॅटर्न मास्टरला मला फोन करायचा आहे.