काहींना मेल पुन्हा पुन्हा, २८१ जणांना एकही नाही: तुमच्या एका स्टारच्या शेऱ्याला आमचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची तक्रार थोडक्यात अशी. कोजागरीची जागा बदलल्याची सूचना तुम्ही आमच्या सॉफ्टवेअरमधून मंडळाच्या ३१२ सभासदांना पाठवलीत. काहींना तीच मेल वीस-तीस वेळा आली, बहुतेकांना आलीच नाही आणि राजेंद्रनगरची मंडळी जुन्या जागी, रामबागेत जाऊन परत फिरली. सभासदांचे पत्ते एकमेकांना दिसले. पडद्यावर मात्र ‘३१२ मेल पाठवल्या’ असं हिरव्या अक्षरांत आलं. शेवटी तुम्ही विचारलंय: कॉमा देऊन पत्ते जोडायचे, एवढ्या साध्या कामात इतका घोळ कसा?

घोळ आमचाच आहे. तुमच्या यादीचा किंवा बटण दाबणाऱ्याचा त्यात काडीचाही दोष नाही. नेमकं काय झालं ते इथे सगळ्यांसमोर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत आणि ते योग्यच केलंत.

मेल पाठवायला आम्ही पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतलं पीएचपीमेलर हे तयार साधन वापरतो. त्यात ‘अ‍ॅडअ‍ॅड्रेस’ला एक पत्ता द्यायचा आणि ‘सेंड’ म्हणायचं. आमच्या कोडात यादीवर लूप होता: एक सभासद घे, पत्ता जोड, पाठव, पुढचा घे. पण ‘अ‍ॅडअ‍ॅड्रेस’ आधीचा पत्ता पुसत नाही, त्यात भर घालतं. प्रत्येक फेरीनंतर ‘क्लिअरऑलरेसिपियंट्स’ ही ओळ हवी होती, ती नव्हती. त्यामुळे पहिली मेल एकाला गेली, दुसरी दोघांना, तिसरी तिघांना. तुमच्या होस्टिंगची (ज्या सेवेच्या सर्व्हरवरून मेल निघते तिची) मर्यादा दिवसाला ५०० आहे, आणि तिथे मेल नव्हे, पत्ते मोजले जातात. एकतिसाव्या फेरीपर्यंतची बेरीज ४९६ झाली. बत्तिसाव्या फेरीला ती ५२८ होत होती, म्हणून सर्व्हरने तो संदेश नाकारला आणि त्यानंतरचे सगळेच नाकारले.

म्हणजे यादीतल्या पहिल्या सभासदाला ३१ मेल गेल्या, दहाव्याला २२, एकतिसाव्याला एक आणि उरलेल्या २८१ जणांना एकही नाही. यादी आडनावांच्या क्रमाने असल्यामुळे सगळा मारा सुरुवातीच्या आडनावांवर झाला.

पत्त्यांबद्दल एक दुरुस्ती करतो. दोष कमी दाखवण्यासाठी नाही, पण सभासदांना नेमकं सांगता यावं म्हणून. उघड झाले ते ३१ पत्ते, आणि ते त्याच ३१ जणांना दिसले, कारण शेवटच्या मेलवर ते सगळेच होते. बाकीच्या २८१ जणांचे पत्ते कुणाकडेही गेलेले नाहीत. गेलेली मेल मात्र परत ओढता येत नाही. त्या ३१ जणांना मंडळाने जरूर कळवावं. मसुदा आम्ही तुम्हाला पाठवला आहे. त्यात जुन्या मेल पुसण्याची आणि ‘सर्वांना उत्तर’ न दाबण्याची विनंती आहे, कारण एकाने जरी ते दाबलं तरी पुन्हा ३१ जणांकडे मेल जाईल.

आमच्या दृष्टीने सर्वांत गंभीर चूक ती हिरवी ओळ. मेल गेली नाही तर ‘सेंड’ खोटं, म्हणजे ‘फॉल्स’, परत देतं आणि कारण ‘एररइन्फो’मध्ये ठेवतं. आमचा कोड ते न बघता फक्त फेऱ्या मोजत होता. पडद्यावर ‘३१ पाठवल्या, २८१ अडल्या’ एवढं जरी आलं असतं, तरी तुम्ही फोन करून लोकांना नव्या जागी बोलावलं असतं. रामबागेत जाऊन परतलेल्या प्रत्येकाची आम्ही मनापासून माफी मागतो.

चाचणीत हे का सापडलं नाही? चाचणी एकाच पत्त्यावर केली होती, आणि एका पत्त्यावर हा कोड निर्दोष चालतो. निदान तीन वेगळे पत्ते, तीन वेगळ्या खात्यांवर उघडून बघितले, तरच ही चूक डोळ्यांत भरते.

आता कॉमाबद्दल. मेलच्या मथळ्यात (वरच्या ‘प्रति’, ‘विषय’ वगैरे ओळींत) पत्ते कॉमानेच वेगळे होतात, हे तुमचं बरोबर आहे. पण कोडात प्रत्येक साधनाचा रिवाज निराळा. पीएचपीच्या जुन्या ‘मेल’ फंक्शनला कॉमाने जोडलेली ओळ चालते. पीएचपीमेलरच्या ‘अ‍ॅडअ‍ॅड्रेस’ला तीच ओळ दिली तर ते पत्ता अवैध ठरवतं. पायथन या भाषेच्या जुन्या आवृत्त्यांत ‘सेंडमेल’ला यादीऐवजी कॉमाची ओळ दिली तर मथळ्यात सगळी नावं दिसतात आणि मेल मात्र पहिल्यालाच पोचते. हा प्रकार फार फसवा आहे. आउटलुकमधून उचललेल्या यादीत अर्धविराम असतात, ते मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या साधनाला चालत नाहीत. आणि एक्सेलमध्ये ‘आडनाव, नाव’ अशी नोंद असेल तर नावातलाच कॉमा पत्त्याचे दोन तुकडे करतो. त्यासाठी नाव अवतरणचिन्हांत लागतं.

तुमच्या पुतण्याने सुचवलेलं बीसीसीबद्दलही लिहितो. मेलला एक पाकीट असतं आणि आत पत्र. सर्व्हर पाकिटावरचे पत्ते बघून मेल पोचवतो, वाचणाऱ्याला पत्रातला ‘प्रति’ दिसतो. बीसीसी म्हणजे पाकिटावर नाव आहे, पत्रात नाही. त्याने पत्ते लपले असते, पण दुखणं पूर्ण गेलं नसतं. एका संदेशाला किमान १०० पत्ते घ्यावेत असा एसएमटीपीचा, म्हणजे मेल पाठवण्याच्या नियमावलीचा, दंडक आहे, त्यापुढचं ज्याच्या त्याच्या सर्व्हरवर. अ‍ॅमेझॉनच्या एसईएस या मेल-सेवेत तर ५०च. शिवाय ३१२ जणांना एकच संदेश गेला की कुणाचा अडला ते वेगळं काढणं जिकिरीचं, आणि प्रत्येकाच्या नावाने ‘सप्रेम नमस्कार’ लिहिता येत नाही. कुणी घाईत बीसीसीची ओळ हाताने मथळ्यात लिहून तशीच पाठवली तर ती वाचणाऱ्यालाही दिसू शकते. पाच-दहा जणांच्या कार्यकारिणीला बीसीसी ठीक आहे, सभासदांच्या यादीला नको.

म्हणून आता प्रत्येक सभासदाला स्वतंत्र मेल जाते आणि ‘प्रति’मध्ये त्याचं एकट्याचंच नाव असतं. बटण दाबल्यावर मेल लगेच सुटत नाहीत. ३१२ नोंदी रांगेत पडतात आणि दर मिनिटाला २० जातात, म्हणजे साधारण १६ मिनिटांत सगळ्या. सर्व्हरशी जोडणी तीच ठेवली आहे, दर मेलला नव्याने लॉगिन होत नाही. एक पत्ता अडला तर जोडणी रीसेट होऊन पुढचा घेतला जातो. सर्व्हरने ४ने सुरू होणारा कोड दिला तर अडचण तात्पुरती, म्हणून १५ मिनिटांनी आणि मग तासाने पुन्हा प्रयत्न होतो. ५ने सुरू झाला तर नकार पक्का, प्रयत्न थांबतो आणि नाव तुम्हाला लाल दिसतं. निमंत्रणाचं चित्र जोडण्याची ओळ लूपच्या बाहेर काढली आहे, नाहीतर पत्त्यांसारखीच चित्रांचीही भर पडत जाते.

एकाच सूचनेला एक पत्ता दोनदा रांगेत येऊ नये असा निर्बंध डेटाबेसमध्येच घातला आहे. बटण चुकून दोनदा दाबलं तरी मेल एकदाच जाईल. तुमच्या यादीत नवरा-बायकोचा पत्ता एकच असलेली बरीच घरं आहेत. तिथे दोघांची नावं घालून एक मेल जाईल.

पडद्यावर आता तीन स्थिती दिसतील: रांगेत, सर्व्हरने घेतली, परत आली. ‘पोचली’ असा शब्द मुद्दाम ठेवलेला नाही. सर्व्हरने २५० हा होकाराचा कोड दिला याचा अर्थ त्याने मेल स्वीकारली, एवढाच. पत्ता बंद असेल तर ती नंतर परत येते.

एक काम मात्र मंडळाकडून हवं आहे. सध्या पाठवणाऱ्याच्या जागी मंडळाचा जीमेलचा पत्ता आहे आणि मेल निघते होस्टिंगच्या सर्व्हरवरून. असा विसंवाद दिसला की मेल स्पॅममध्ये जाण्याचा धोका वाढतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनच्या वतीने निघाली याच्या खुणा) मागतं. दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांचे कडक नियम तुम्हाला लागू नाहीत, पण हे लागू आहे. म्हणून पाठवणाऱ्याच्या जागी मंडळाच्या डोमेनचा पत्ता ठेवू. त्या डोमेनचं लॉगिन चालवणाऱ्यांनी आमच्याशी बोलावं, डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, दोन नोंदी कराव्या लागतील. एसपीएफची नोंद आधीच असेल तर दुसरी करू नका, त्याच ओळीत भर घालायची, कारण दोन झाल्या की दोन्ही निकामी होतात. सभासदांची उत्तरं पूर्वीसारखी जीमेलवरच येतील, तो पत्ता ‘उत्तर इथे’मध्ये ठेवू.

या वर्षाच्या देखभालीचे पैसे आम्ही घेणार नाही, भरलेले परत करत आहोत. तुमचा एक स्टार तसाच राहू द्या.

पुढच्या सूचनेआधी तुमच्या लॉगिनमधलं ‘चाचणी’ बटण दाबा. ते तुमच्या, अध्यक्षांच्या आणि खजिनदारांच्या पत्त्यावर जाईल. तिघांनी आपापल्या फोनवर बघावं: मेल एकच आली का, ‘प्रति’मध्ये फक्त आपलंच नाव आहे का, मराठी अक्षरं नीट दिसतात का. यातलं एक जरी चुकलं तर यादीला पाठवू नका, आधी आम्हाला फोन करा.